दुसरं बटण

"आठपैकी आठ!" हवालदार गायकर ओरडले आणि कंट्रोल केबिनमध्ये टाळ्यांचा कडकडाट झाला.

समोरच्या पडद्यावरचे चार ठिपके विझले होते. चार लक्ष्यं, प्रत्येकावर दोन, अशी आठ क्षेपणास्त्रं आम्ही चार मिनिटांत सोडली होती आणि एकही वाया गेलं नव्हतं. सोडली म्हणजे खरीखुरी नव्हेत. सरावाच्या पहिल्या दिवशी सगळा मामला बटणांचा असतो. आपण बटण दाबायचं, लागलं की नाही ते पंचांचा संगणक सांगतो. पण आनंद खराच होता. कुणीतरी जिलेबीचा पुडा फोडला. मी एक तुकडा उचलून तोंडात टाकला आणि तेवढ्यात गायकर वेगळ्याच आवाजात म्हणाले, "मॅडम, पाचवं."

पडद्यावर पाचवा ठिपका उगवला होता. आमच्याकडे एकही क्षेपणास्त्र उरलं नव्हतं. नव्यानं भरायला चाळीस मिनिटं लागत. पाचवं लक्ष्य समुद्रावरून आरामात आलं, आमच्या डोक्यावरून गेलं आणि मागच्या माळावर तेलाचा डेपो म्हणून रचलेल्या रिकाम्या पिंपांवर एक घिरटी घालून निघून गेलं. पंचांनी डेपो नष्ट झाल्याची नोंद केली. माझ्या तोंडात जिलेबी तशीच होती. गिळावी की थुंकावी ते कळेना.

या गोष्टीला आता बावीस वर्षं झाली. तेव्हा मी सत्तावीस वर्षांची कॅप्टन मेधा रणदिवे होते, हवाई संरक्षणाच्या एका तुकडीची फायर कंट्रोल अधिकारी. कशावर काय सोडायचं आणि कधी, हे ठरवणं माझं काम. खरी लाज वेगळ्याच गोष्टीची होती. त्या सरावाच्या सहा महिने आधी मीच मुख्यालयाला दोन पानी टिपण पाठवलं होतं. त्यात लिहिलं होतं की एका लक्ष्यावर दोन क्षेपणास्त्रं सोडायची आमची सवय आम्हाला बुडवणार आहे. एका क्षेपणास्त्राच्या किमतीत तालुक्याच्या गावी दवाखाना उभा राहील, आणि समोरून येणार काय, तर फोमचं, गवत कापायच्या यंत्राचं इंजिन लावलेलं, एका मोटारसायकलच्या किमतीचं विमान. अशी पन्नास विमानं पाठवली की आमचा भाता रिकामा. मग खरं संकट निवांत येईल. म्हणून आधी जुन्या तोफा वापराव्यात, क्षेपणास्त्र राखून ठेवावं.

इतकं शहाणपण कागदावर लिहिणारी मी, ठिपका दिसल्याबरोबर "दोन सोडा" म्हणाले होते. चारही वेळा. एक चुकलं तर दुसरं हवं, हे आमच्या हाडीमाशी इतकं मुरलेलं होतं की गायकर तर दोन बोटं दोन बटणांवर ठेवूनच बसायचे. पहिलं बोट दाबलं की दुसरं आपोआप खाली जायचं.

संध्याकाळच्या बैठकीत ब्रिगेडियर चिटणीस मला रागावले नाहीत. ते या सरावाचे मुख्य पंच होते. बारीक, टापटिपीचे, आवाज कधी न चढवणारे. त्यांनी माझं टिपण फाईलमधून काढलं, माझ्यासमोर ठेवलं आणि म्हणाले, "छान लिहिलंय. कुणी लिहिलंय?"

मी मान खाली घातली.

"परवा खरी क्षेपणास्त्रं मिळतील," ते म्हणाले. "दोन. लक्ष्यं सात. त्यांपैकी सहा फोमची, आणि एक पोलादी, पोटात शंभर किलो वजन भरलेलं. ते तोफांच्या गोळ्यांनी वेळेत थांबणार नाही. त्याला क्षेपणास्त्रच लागेल. सातही एकाच वेगानं येतील, आणि फोमच्या विमानांना धातूचे परावर्तक लावलेत, म्हणजे रडारला सातही सारखीच दिसतील. डेपो वाचला तर तुमच्या टिपणाचा विचार करू. नाही वाचला तर तोफा एक तारखेला जमा करायच्या. पत्र तयार आहे."

तोफा म्हणजे चार जुन्या विमानविरोधी तोफा, माझ्यापेक्षा वयानं मोठ्या. आणि तोफा जाणार म्हणजे त्यांच्यावरची चौतीस माणसं चार दिशांना पांगणार. त्यांचे प्रमुख सुभेदार मारुती खिलारे. आटपाडीकडचे, उंच, काळेसावळे, मिशीला रोज तेल लावणारे. नोकरीची दोन वर्षं उरलेली. मी जाऊन त्यांना सगळं सांगितलं. माझ्यामुळे तुमच्या तोफा जाणार, असंही म्हणाले.

खिलारे साहेबांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "मॅडम, आजच्या उड्डाणांचं रेकॉर्डिंग बघायला मिळंल का?"

"तुम्ही काय बघणार त्यात?"

"बघू की. बघायला काय पैसं पडत्यात?"

दुसऱ्या दिवशी सकाळी गायकरांनी त्यांना पडद्यासमोर बसवलं. क्षेपणास्त्रांची केबिन वातानुकूलित होती आणि तोफवाल्यांना तिथे बूट काढून यावं लागायचं, धूळ नको म्हणून. खिलारे साहेब मोज्यांवर आले. त्यांचा एक अंगठा मोज्यातून बाहेर डोकावत होता. गायकरांना हसू आवरेना.

"कुठलं बघायचं, साहेब? आपण पाडलेली चार की न पाडलेलं एक?"

"पाची बघायची. हळूहळू चालवा."

क्षेपणास्त्रं खरी नसल्यामुळे 'पाडलेली' विमानंही प्रत्यक्षात किनाऱ्यापर्यंत उडत आली होती, आणि पडद्यावर पाचही ठिपक्यांच्या मागे रेषा उमटत गेल्या. खिलारे साहेबांनी एकदा बघितलं, दोनदा बघितलं. तिसऱ्यांदा त्यांनी पडद्यावर बोट ठेवलं. गायकरांनी लगेच रुमाल काढून काच पुसली.

"हितं काय हाय?" त्यांनी विचारलं. "किनाऱ्यापास्नं साडेपाच किलोमीटरवर?"

"समुद्रात घुसलेल्या टेकडीचं नाक आहे ते," मी म्हणाले.

"दुपारी तीननंतर त्या नाकाशी वारं फिरतं. आम्ही तोफांच्या खड्ड्यात बसलेलो आसतो, आमाला ठावं हाय. टोप्या उडत्यात. आता बघा मॅडम, ह्या चार रेघा नाकापोत्तर सरळ आल्यात, आन् तितनं फुडं कशा थरथरल्यात. पाचवी बघा."

पाचवी रेष टेकडीच्या नाकावरून ओळंब्यानं आखल्यासारखी सरळ आली होती. मी गायकरांकडे पाहिलं. गायकरांचं हसू मावळलं होतं.

"पंचांच्या नोंदीप्रमाणे काल पाचवं पोलादीच होतं," मी म्हणाले. "पण साहेब, हा योगायोगही असू शकतो. एका दिवसाचा पुरावा आहे."

"आसंल. पर मला तसं वाटत न्हाई."

"का नाही वाटत?"

"ते आत्ता सांगितलं तर तुमी हसशीला. उद्या ह्यो खेळ झाल्यावर सांगतो. फकस्त एक करा मॅडम. वारं येऊ द्या. नाकाच्या अलीकडं आल्याबिगर बटणाला हात लावू देऊ नका."

बोलायला सोपं होतं. आमच्या क्षेपणास्त्राला उडून दिशा धरायला किमान तीन किलोमीटर लागायचे. लक्ष्य त्याच्या आत आलं की क्षेपणास्त्र म्हणजे शोभेची वस्तू. टेकडी साडेपाचवर. म्हणजे मधल्या अडीच किलोमीटरांत, जेमतेम चाळीस सेकंदांत, सात रेषांमधून एक निवडायची. आमची शिकवण नेमकी उलटी होती. लांब असतानाच मारा, जवळ येऊ देऊ नका, असं आम्हाला पहिल्या दिवसापासून घोकवलेलं.

प्रत्यक्ष दिवशी तीन वाजून दहा मिनिटांनी गायकर म्हणाले, "सात ठिपके. अंतर वीस."

माझ्या मागे ब्रिगेडियर चिटणीस हातात घड्याळ घेऊन उभे होते. बाहेर लाँचरवर दोन खरी क्षेपणास्त्रं तिरकी उभी होती. कानातल्या यंत्रात खिलारे साहेबांचा आवाज आला, "तोफा तयार, मॅडम. वारं सुटलंया."

"अंतर बारा," गायकर म्हणाले. त्यांची दोन बोटं दोन बटणांवर होती.

"थांबा."

"दहा."

सातही ठिपके एका ओळीत, एका वेगानं. काही म्हणता काही फरक नव्हता. माझ्या पाठीवरून घामाची धार खाली चालली होती आणि केबिनमध्ये तर थंडी वाजावी इतका एसी.

"आठ, मॅडम."

"थांबा म्हटलं ना!"

"कॅप्टन," मागून ब्रिगेडियर म्हणाले, "तुमचा पल्ला केव्हाच सुरू झालाय. मी तशी नोंद करतो आहे."

"करा, सर."

आवाज माझाच होता, पण तो इतका उद्धट निघेल असं मला वाटलं नव्हतं. गायकरांनी मान वळवून माझ्याकडे पाहिलं. खरं सांगते, त्या क्षणी मला वाटलं की आपण वेडेपणा करतोय. एका सुभेदाराच्या शब्दावर, आणि तोही का ते सांगत नाही.

"सहा. साडेपाच."

रेषा टेकडीच्या नाकावर आल्या. काही झालं नाही. एक सेकंद, दोन सेकंद. मग पहिल्या नंबरची रेष डावीकडे कलली. तिच्यापाठोपाठ चौथी. मग पाचवी, सातवी, दुसरी. उतारावर सोडलेल्या सायकलच्या हँडलसारख्या त्या डुगडुगू लागल्या. मी खुर्चीतून अर्धी उठले. पण दोन रेषा अजून सरळच होत्या. तीन आणि सहा.

"दोन सरळ आहेत, मॅडम!" गायकर म्हणाले. "आणि आपल्याकडे दोनच आहेत. दोन्हींवर एकेक सोडूया. झालं!"

मोह कसा असतो ते मला त्या दिवशी कळलं. सगळं जमत होतं. दोन लक्ष्यं, दोन बटणं, कुणी नावं ठेवणार नव्हतं. पण एकच पोलादी होतं. फोमवर क्षेपणास्त्र सोडलं, तर मी टिपणात लिहिलेलं सगळं खोटं ठरणार होतं. आणि पोलादीवरचं चुकलं असतं, तर हाती काही उरलं नसतं.

"थांबा. अजून थांबा."

"साडेचार."

तीन नंबरची रेष हलली. जराशी, केसाइतकी. मग पुन्हा उजवीकडे. सहा नंबरची तशीच, सरळ.

"सहावर सोडा! एक!"

गायकरांचं पहिलं बोट खाली गेलं आणि बाहेर धडाका झाला. केबिन हादरली. आणि मी पाहिलं तर त्यांचं दुसरं बोटही खाली निघालं होतं. त्यात त्या बिचाऱ्यांचा काही दोष नव्हता, अकरा वर्षांची सवय होती ती. मी झडप घालून त्यांचं मनगट धरलं. बटण आणि बोट यांच्यात कागद जाईल इतकंच अंतर राहिलं होतं.

"मॅडम, चुकलं तर?" गायकर कळवळून म्हणाले.

"चुकलं तर बघू."

काय बघणार होते, देव जाणे. आम्ही दोघं तसेच, मी त्यांचा हात धरलेला, पडद्याकडे पाहत राहिलो. सहावी रेष पुढे सरकली, आणखी सरकली, आणि संपली.

समुद्रावरून आवाज आला तो काही सेकंदांनी उशिरा. जड, पोटातून आल्यासारखा. फोमचा असा आवाज होत नाही.

"पोलादी पडलं!" बाहेरचा पंच ओरडला.

"खिलारे साहेब," मी कानातल्या यंत्रात जवळजवळ किंचाळले, "बाकी सगळी तुमची!"

"द्या हिकडं," ते म्हणाले.

आणि मग त्या चार म्हाताऱ्या तोफा बोलू लागल्या. मी दार उघडून बाहेर पळाले. अधिकाऱ्यानं तसं करायचं नसतं, पण मला राहवलं नाही. आकाशात काळ्या धुराची फुलं उमटत होती आणि पांढरी विमानं त्यांच्यात शिरून चिंध्या होऊन पडत होती. एक. दोन. तिसऱ्याचा पंख तुटून तो बराच वेळ गिरक्या घेत राहिला. चौथं, पाचवं. सहावं तेवढं चिवट निघालं. ते तोफांवरून निसटून डेपोच्या दिशेनं गेलं. चौथी तोफ गर्रकन मागे फिरली, तिनं पाच-सहा गोळे झाडले आणि ते विमान पिंपांपासून दोनशे पावलांवर कोसळलं. खड्ड्यांमधून असा काही जल्लोष उठला की तोफांचा आवाज बरा.

डेपो उभा होता. पिंपांवर धूळ उडाली होती, एवढंच.

ब्रिगेडियर माझ्या शेजारी येऊन उभे राहिले. "तीन किलोमीटरची हद्द यायला किती वेळ उरला होता, माहीत आहे?"

"नाही, सर."

"एकोणीस सेकंद." त्यांनी घड्याळ खिशात टाकलं. "आणि एक क्षेपणास्त्र अजून लाँचरवर आहे."

त्या उरलेल्या क्षेपणास्त्रानं भांडारात गोंधळच उडवला. भांडारपाल कपाळाला हात लावून बसला. दिलेलं क्षेपणास्त्र परत घ्यायचा छापील नमुनाच त्याच्याकडे नव्हता. त्याच्या नोकरीत कुणी कधी परत आणलंच नव्हतं. शेवटी त्यानं तंबू परत घेण्याचा नमुना काढला आणि 'तंबू' हा शब्द खोडला.

पाच वाजता समारोपाची बैठक होती. लांब टेबल, दिल्लीहून आलेले शास्त्रज्ञ, चहा, चिवड्याच्या बशा, कोपऱ्यात एक उभा पंखा. मला विचारलं, सहा नंबर कसा ओळखलात? मी म्हणाले, "मी नाही ओळखला. वाऱ्याची युक्ती सुभेदार खिलारेंची. त्यांना बोलवा."

खिलारे साहेब कामाच्या तेलकट डांगरीतच आले. इतके साहेबलोक बघून ते जरा बिचकले.

"बसा," ब्रिगेडियर म्हणाले. "वाऱ्याचं कसं सुचलं तुम्हाला? कुठल्या कोर्समध्ये शिकवलं?"

"कोर्समधी न्हाई, साहेब." त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली. "बोलून उपेग न्हाई. करून दाखवू का?"

त्यांनी टेबलावरची चिवड्याची एक बशी उचलली, पंख्यासमोर गेले, पंखा पूर्ण सोडला आणि हात डोक्यावर नेऊन बशी हळूच कलती केली. पोहे भुर्रकन उडाले आणि थेट शास्त्रज्ञांच्या अंगावर जाऊन पडले. एकाच्या चहात, एकाच्या चष्म्यावर. शेंगदाणे मात्र पंख्याच्या पायथ्याशी सरळ रेषेत टपटप पडले.



"आमच्याकडं बाजरी अशी उपणत्यात," खिलारे साहेब म्हणाले. "आई वावडीवर उभी ऱ्हायची, उंच तिवईवर, आन् मी खालनं पाटी द्यायचो. वारं नसलं तर आई हातच लावायची न्हाई, मग दुपार हू दे न्हाईतर सांज. म्हणायची, वारं नसताना भूस बी दाण्यावानीच दिसतंय. वारं आलं की भुसाला काय इचारावं लागत न्हाई. ते आपलं आपण सांगतंय, मी भूस हाय म्हणून."

चष्म्यावर पोहे पडलेले शास्त्रज्ञ सगळ्यांत आधी हसले. मग टेबल हसलं. ब्रिगेडियर हसले नाहीत. ते उठले, वाकून पंख्याच्या पायथ्याचा एक शेंगदाणा उचलला आणि तोंडात टाकला.

"सुभेदार साहेब, तोफांचे किती गोळे उरलेत?"

"दीडशे हायत, साहेब. पर एक तारखेला तोफाच जमा..."

"दीडशेत काय होतंय?" ब्रिगेडियर म्हणाले. "हजार मागवा. अर्ज आजच द्या, मी सही करून जातो."

खिलारे साहेबांनी सॅल्यूट ठोकला. त्यांचा हात खाली यायला नेहमीपेक्षा जास्त वेळ लागला. बाहेर पडल्यावर ते लांब ढांगा टाकत तोफांकडे निघाले आणि मी जवळजवळ धावत त्यांच्या मागे.

खड्ड्यांपाशी चौतीस माणसं उभी होती. आमचे चेहरे बघूनच त्यांना कळलं. टोप्या उडाल्या, आणि या वेळी वाऱ्यानं नव्हे. कुणीतरी चौथ्या तोफेच्या नळीची पापी घेतली आणि ओठ पोळून घेतले, कारण ती अजून गरम होती.

ओरडा ओसरल्यावर खिलारे साहेबांनी नळी साफ करायचा लांब दांडा उचलला. सात जवान तो धरून रांगेनं उभे राहिले. आठवी जागा रिकामी होती, अगदी पुढची, जिथे सगळं तेल आणि काजळी अंगावर येते. तोफखान्याचा नियम आहे, ज्यानं फायर केला त्यानंच नळी साफ करायची. अधिकारी मात्र दांड्याला हात लावत नाहीत. मी बैठकीसाठी चढवलेला कडक इस्त्रीचा गणवेश घालून बाजूला उभी होते.

"या मॅडम," खिलारे साहेब म्हणाले.

"मी?"

"फायर कुणी दिला?"

मी बाह्या वर केल्या आणि पुढची जागा घेतली.

"हैय्या!" सात जणांनी एका दमात आरोळी दिली. मी सगळं बळ लावून दांडा ओढला. काळ्या तेलाची एक चिळकांडी नळीतून आली आणि माझ्या इस्त्रीच्या गणवेशावर, गळ्यापासून पट्ट्यापर्यंत, पसरली. मी इतकी मोठ्यानं हसले की केबिनमधून गायकर बाहेर आले.

"ओढा, मॅडम, ओढा!" खिलारे साहेब ओरडले. "आजून तीन ऱ्हायल्यात!"